पाऊण टनाचा इतिहास

सोयाबीन काढून झालं की वाशीम जिल्ह्यातला लहान शेतकरी ते सगळं एकदम विकत नाही. आधी आठ-दहा कट्टे बाजार समितीत जातात. त्यातून मळणीवाल्याचे आणि मजुरांचे पैसे भागवायचे असतात, कृषी केंद्राची उधारी असते, दिवाळी तोंडावर असते, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं. उरलेले कट्टे भाव वाढेल या आशेवर घरात थप्पी लावून ठेवले जातात. आठ-दहा कट्टे म्हणजे पाच-सहा क्विंटल. एवढ्या मालासाठी ट्रक बोलावणं परवडत नाही आणि मोटारसायकलवर तो मावत नाही.

एवढाच माल गावातून तालुक्याच्या बाजारात जायचा कसा, या प्रश्नाला या भागात वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं मिळाली. आधी बैलाची पाठ, मग बंडी म्हणजे बैलगाडी, मग टेम्पो, मेटॅडोर, ॲपे आणि शेवटी छोटा हत्ती. रेल्वे आणि महामार्गांचा इतिहास नकाशावर सहज दाखवता येतो, या उत्तरांचा येत नाही. पण वाशीमचा माल खऱ्या अर्थाने हलवला तो यांनीच, असं माझं मत आहे.

वाशीम हा जुना मुलूख. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. पुढे वऱ्हाडचे दोन भाग मानले गेले. पूर्णेचं सखल खोरं म्हणजे पयानघाट आणि अजिंठ्याच्या रांगांवरचं पठार म्हणजे बालाघाट. वाशीम बालाघाटात. अकोल्याच्या बाजूने यायचं तर घाट चढावा लागतो, आणि इथे कोणतं वाहन चालेल हे बराच काळ त्या घाटाने ठरवलं. आज अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गावरून मेडशी, मालेगाव करत वाशीमला येताना हा चढ मोटारीला जाणवतही नाही. भरल्या बंडीच्या बैलांना तो चांगलाच जाणवत असे.

बंडीच्याही आधी बंजारे होते. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे आज देशभरच्या बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र आहे, आणि या परिसरातल्या गावोगावच्या तांड्यांमागे एका संपलेल्या धंद्याची गोष्ट आहे. तो धंदा लदेणीचा. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या टाकायच्या आणि शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा घेऊन मजल-दरमजल निघायचं. समुद्राकडून मीठ वर यायचं, वऱ्हाडातून धान्य आणि कापूस बाहेर जायचा. एका बैलावर क्विंटलभर, फार तर थोडं जास्त. या पद्धतीला रस्ता लागत नव्हता, बैल चढेल तो घाट चालत होता. १८०३ साली इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला, अडगावची लढाई आणि गाविलगडचा वेढा झाला, तेव्हा त्याच्या फौजेच्या पोटाची सोय बंजाऱ्यांच्या तांड्यांवरच अवलंबून होती. पुढे याच समाजातल्या अनेकांना ब्रिटिश कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. वाहतूकदार म्हणून उपयोग संपला की सरकार माणसाला कोणत्या नजरेने पाहतं, याचं एवढं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

उपयोग संपवला तो रेल्वेने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. लांबच्या पल्ल्याचा माल आता रुळांवरून जाऊ लागला. बैल मात्र संपले नाहीत. तांड्यातून सुटून ते बंडीला जुंपले गेले, कारण रेल्वे अकोल्याला आणि मूर्तिजापूरला होती, कापूस मात्र गावात होता.

कारंजा हे तेव्हाचं कापसाचं नामांकित पेठेचं गाव. तिथून मूर्तिजापूरला कापूस नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अडीच फुटांची चिंचोळी रेल्वे सुरू झाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, वाटेत कारंजा. किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याने उभी केलेली ही लाइन लोकांनी पुढे ‘शकुंतला’ या नावाने आपलीशी केली. तिच्याविषयी हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत गाडी ओढली हे ऐकून कुणीही हळवा होईल. पण ही गाडी शेतकऱ्याच्या दारातला कापूस उचलत नव्हती. जिनिंगमधून निघालेल्या गाठी मोठ्या लाइनपर्यंत पोचवणं हे तिचं काम. शेतापासून कारंजापर्यंतचा प्रवास बंडीचाच राहिला. वाशीम शहराला तर तेवढंही मिळालं नाही. १९०५ मध्ये इंग्रजांनी वाशीम हा स्वतंत्र जिल्हाच मोडला आणि वाशीम अकोल्याला जोडलं. रेल्वे आली ती स्वातंत्र्यानंतर, खांडवा-हिंगोली मीटरगेजच्या रूपाने.

बंडीचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या प्रत्येक वाहनाची तुलना लोकांनी तिच्याशीच केली. बैलजोडी चांगली आणि वाट कोरडी असेल तर एका बंडीत आठ-दहा क्विंटल माल जाई. चिखलात निम्मा. कापूस वजनाला हलका, पण जागा फार खातो. म्हणून बंडीला बाजूंनी ताट्या उभ्या करून तो उंच रचायचा. रात्री निघायचं आणि उजाडताना बाजारात पोचायचं. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. नंबर लागेपर्यंत बैलांना तिथेच चारा आणि माणसांना तिथेच भाकर. बंडीला भाडं द्यावं लागत नाही असं म्हणतात. पण ऐन रब्बीच्या पेरणीत बैलजोडी आणि घरातला एक गडी दोन-तीन दिवस केंद्रावर अडकून पडला तर त्याची किंमत कुठल्याही पावतीवर लिहिलेली नसते.

शहरातून खेड्यात माल येण्याची तऱ्हा वेगळी होती. अकोल्याहून ट्रक यायचा, हुंडेकऱ्याच्या, म्हणजे वाहतूक दलालाच्या, गोदामात माल उतरायचा, बिल्टी सोडवून दुकानदार तो घेऊन जायचा. पुढे खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पुन्हा बंडी, नाहीतर एसटीचा टप. टपावर साखरेची पोती, गुळाच्या ढेपा, सायकली, कोंबड्यांची खुराडी आणि लग्नाची भांडी असं सगळं एका दोरीने बांधलेलं असे. गावच्या फाट्यावर गाडी थांबली की कंडक्टरची घाई आणि टपावर चढलेल्या माणसाची तारांबळ, हे दृश्य पन्नाशी ओलांडलेल्या कुणाही वाशीमकराला आठवेल.

मोटारीच्या जगात पाऊण टनाची पहिली गाडी आणली ती मूळच्या अहमदनगरच्या नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले हे वकील. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. स्वातंत्र्याच्या सुमारास माणसाने माणसाला ओढायच्या रिक्षांना पर्याय शोधताना फिरोदियांचं लक्ष इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी मालवाहू गाडीकडे गेलं, आणि त्यातून आपल्याकडची ऑटोरिक्षा आली. व्यापारी बाजू होती बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनची, म्हणजे बजाज घराण्याची. या घराण्याची पेढी वर्ध्याची, आणि जमनालाल बजाजांच्या व्यापारात विदर्भाच्या कापसाचा वाटा मोठा. ज्या कापसासाठी बैल घाट चढत होते, त्याच्याच धंद्यातला पैसा पुढे बैलाची जागा घेणाऱ्या गाडीत गुंतला, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर जर्मनीतल्या हॅम्बुर्गची विडाल कंपनी आली. तिच्या गाड्या ‘टेम्पो’ नावाने विकल्या जात. तिच्याशी करार होऊन १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. आधी मुंबईत गोरेगावला आणि मग पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना. पहिली गाडी हॅन्सिएट. पुढे एक चाक, मागे दोन, लांब नाकाड, चारशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि साधारण पाऊण टनाची भारवाही क्षमता. महायुद्धात बेचिराख झालेल्या जर्मनीतल्या बेकरीवाल्यांसाठी, भाजीवाल्यांसाठी आणि लहान कारखानदारांसाठी बनवलेली ही गाडी मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत छान रमली. मूळ जर्मन कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या पोटात गेली. इकडे मात्र कुठल्याही कंपनीच्या लहान मालगाडीला मराठी माणूस टेम्पोच म्हणत राहिला.

वाशीमच्या पठारावर हॅन्सिएटचं काही खरं नव्हतं. गाडीवाटेवर बंडीच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मध्ये उंचवटा. चारचाकी गाडी त्या दोन चाकोऱ्यांतून कशीबशी जाते. तीनचाकीचं पुढचं चाक नेमकं मधल्या उंचवट्यावर येतं, दगड खातं, हँडल हिसकावतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा गोळा चाकाला चिकटला की संपलंच. म्हणजे तीन चाकं इथे येण्याआधी रस्ते यायला हवे होते. ते आले दुष्काळाच्या वाटेने. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईकांच्या सरकारने हाती घेतलेल्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. हजारो हातांनी खडी फोडली, आणि कित्येक गावांना फाट्यापर्यंत का होईना, पहिला मुरूम-खडीचा रस्ता मिळाला. रस्ता बांधणाऱ्यांना दिवसाची मजुरी मिळाली आणि त्यांच्या मुलांना पुढे त्यावर गाडी चालवता आली.

त्या रस्त्यांवर आली मेटॅडोर. तीही बजाज टेम्पोचीच, पण चार चाकांची, पुढून चपट्या तोंडाची. नंतर तिला मर्सिडीजच्या तंत्रज्ञानाचं डिझेल इंजिन बसलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तालुक्याच्या गावी मेटॅडोर असणं म्हणजे मोठी असामी असणं. अडत्याची, किंवा कापड दुकानदाराची, किंवा पुढाऱ्याची. दिवसा ती माल ओढायची आणि लग्नसराईत वऱ्हाड. हौद्यात सतरंजी अंथरून चाळीसेक माणसं, पुढच्या सीटवर नवरदेव आणि करवली, आणि मागे फालक्याला धरून उभी राहिलेली पोरं. मालगाडीत माणसं भरणं तेव्हाही बेकायदा होतं आणि आजही आहे. अपघात झाला की दोन दिवस सगळे हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाची गाडी ठरते.

१९८० च्या दशकात सरकारने हलक्या मालगाड्यांच्या धंद्याची दारं जपानी तंत्रज्ञानाला उघडली. डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निसान अशा चार जोड्या आल्या. पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने, १९८६ मध्ये ४०७ काढून त्यांना उत्तर दिलं, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक जपानी भागीदार मागे हटले. आपल्या औद्योगिक इतिहासातली ही मोठी लढाई. वाशीमपुरतं बोलायचं तर ४०७ ही सिमेंटच्या दुकानदाराची, ठेकेदाराची आणि खताच्या घाऊक व्यापाऱ्याची गाडी झाली. आठ-दहा कट्टेवाला शेतकरी अजून बंडीवरच होता.

त्याला बंडीवरून उतरवलं ते सोयाबीनने. नव्वदच्या दशकात पश्चिम विदर्भात कापसाची जागा हे पीक भराभर घेत गेलं, आणि वाशीम तर सोयाबीनचाच जिल्हा झाला. पीक बदललं तसं मालाचं रूप बदललं. कापूस फुगीर, सैल, रचायला अवघड. सोयाबीन साठ किलोच्या कट्ट्यात बंद, जड, आणि हमालाच्या पाठीवरून थेट हौद्यात. कापसाला गाडीत जागा लागते, सोयाबीनला चाकांत ताकद लागते. शिवाय मळणीयंत्रामुळे सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यात तयार होतो, आणि बैल ठेवणारी घरं कमी होत गेली तशी बंडीही गोठ्यापाशी उभी राहून कुजली.

याच काळात, १ जुलै १९९८ रोजी, वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. अकोल्याचं एमएच-३० जाऊन गाड्यांवर एमएच-३७ दिसू लागलं. पासिंगसाठी घाट उतरायची गरज राहिली नाही. नगरपालिकांच्या हद्दीवरचे जकात नाकेही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उठले. दिवसातून एकदा शहरात शिरणाऱ्या ट्रकला नाक्यावरचा थांबा चालून जाई, चार फेऱ्या मारणाऱ्या लहान गाडीचा त्यात अर्धा दिवस जात असे.

१९९९ च्या सुमारास पियाजिओची ॲपे बारामतीत बनू लागली. म्हणजे ज्या तीनचाकीकडे पाहून फिरोदियांना कल्पना सुचली होती, तिची वारसदार अर्ध्या शतकाने महाराष्ट्रातच जन्माला आली. एका सिलिंडरचं ग्रीव्हज्‌चं डिझेल इंजिन, कानठळ्या बसवणारा आवाज आणि थोड्या डिझेलवर दिवसभर चालायची तयारी. वाशीमच्या पाटणी चौकापासून शेलूबाजारच्या आठवडी बाजारापर्यंत ती सगळीकडे दिसू लागली. कागदावर अर्धा टन, प्रत्यक्षात जेवढं बांधता येईल तेवढं. पण घाट आणि तीन चाकं यांचं फारसं जमत नाही. चढावर पुढचं चाक हलकं पडतं, उतारावर ब्रेकवर भरवसा ठेवावा लागतो, आणि वळणावर उंच रचलेला माल गाडीला कलवतो.

टाटा मोटर्सच्या अभियंत्यांना हीच गोष्ट देशभरच्या तीनचाकीवाल्यांनी सांगितली. २००१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला होता आणि मोठ्या ट्रकच्या धंद्यातले चढउतार तिला झेपेनासे झाले होते. गिरीश वाघ या तरुण अभियंत्याच्या हाताखाली एक गट नेमला गेला. गाडी आखण्याआधी हा गट तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलत हिंडला. त्यातला एक किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगितला जातो. चार चाकांची गाडी असली तर गावात पत वाढते आणि लग्नाला मुलगी मिळते, असं एका तरुणाने म्हटलं होतं. किस्सा खरा असो वा रंगवलेला, विदर्भातल्या कुठल्याही उपवर मुलाच्या बापाला तो पटेल.

मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली. ७०० सीसीचं, दोन सिलिंडरचं, १६ अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे इंडिका मोटारीच्या इंजिनाचं जवळजवळ अर्धं. हौदा सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. वाहून न्यायचं वजन ७५० किलो, तोच हॅन्सिएटचा पाऊण टन. पुढे दोन चाकं असल्याने गाडी बंडीच्या चाकोरीत बसली आणि चढावर डोकं उचलेनाशी झाली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. पुढच्या बारा-साडेबारा वर्षांत अशा वीस लाख गाड्या विकल्या गेल्या.

७५० किलो म्हणजे सोयाबीनचे बारा कट्टे. सुरुवातीला म्हटलेल्या शेतकऱ्याचा पहिला हप्ता त्यात बरोबर मावतो. दोघा शेजाऱ्यांनी मिळून गाडी सांगितली तर भाडं अर्धं पडतं. ही भागीदारी ठरते ती पारावर किंवा फोनवर.

“भाऊ, सकाळी गाडी खाली हाय काय?”

“किती कट्टे हायेत?”

“माहे आठ, बाजूवाल्याचे सात. बसतीन काय?”

बसत नाहीत, पण बसवले जातात. कागदावरचा पाऊण टन आणि हौद्यातला पाऊण टन यांच्यातला फरक धरमकाट्यावर दिसतो आणि मागच्या पाट्यांच्या कमानीवर त्याहून लवकर दिसतो.

गाडीवाल्याची कमाई खरी ठरते ती परतीच्या फेरीवर. सकाळी कट्टे घेऊन बाजार समितीत जायचं. हर्रास होईपर्यंत, मापारी माप घेईपर्यंत थांबायचं, कारण माल उतरल्याशिवाय हौदा मोकळा होत नाही. मग कृषी केंद्रातून खताची पोती, हार्डवेअरच्या दुकानातून पत्रे आणि पाइप, किराण्याच्या घाऊक दुकानातून तेलाचे डबे. त्यासोबत अडत्याची हिशोबपट्टी, कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या मोटारपंपाचं दुरुस्त झालेलं वाइंडिंग. या किरकोळ कामांचे पैसे कुणी घेत नाही आणि कुणी देतही नाही. पण पुढच्या हंगामात गाडी कुणाची सांगायची, हे त्यांवरून ठरतं. उन्हाळ्यात त्याच हौद्यात पाण्याची टाकी चढते. लग्नसराईत मंडपाचे खांब, मिरवणुकीत डीजेच्या भिंती, रामनवमीला पोहरादेवीची भाविक मंडळी.

या गाडीच्या प्रसारात सरकारचा वाटा कोणता, हे पाहू गेलं तर उत्तर मजेदार निघतं. सरकारने बहुतेक वेळा वाटेतून बाजूला होण्याचं काम केलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने एकूण तीन हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटमधून सूट दिली होती. तेव्हा कुणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं, पण छोटा हत्ती याच सवलतीत जन्मला. परवान्याचा घोळ बराच काळ राहिला. हलकी मोटार चालवण्याचा परवाना असलेल्याने हलकी मालगाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगन खटल्यात साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला वेगळ्या परवान्याची गरज नाही असं ठरवलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तेच कायम केलं. जीएसटीनंतर ई-वे बिल आलं, पण महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालासाठी त्याची मर्यादा एक लाख रुपये ठेवली गेली. लहान गाडीतला एका खेड्याचा किराणा बहुधा तिच्या आतच बसतो. परमिट, परवाना आणि बिल या तिन्ही ठिकाणी लहान असणं हेच या गाडीचं भांडवल ठरलं.

खरं भांडवल मात्र हप्त्याचं होतं. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होतं. त्याच वर्षांत छोटा हत्ती गावागावांत शिरत होता. शेतीत मन न रमणारा, नोकरी न मिळालेला मुलगा, थोडी रोख रक्कम, बाकी फायनान्स. काहींचं उत्तम चाललं. एकाच्या दोन गाड्या झाल्या, पुढे बोलेरो पिकअप आली. अनेकांचं तसं झालं नाही. सोयाबीनचा हंगाम संपला की चार महिने भाडं विरळ, हप्ता मात्र दर महिन्याला. त्यात एका गावात पाच गाड्या झाल्या की पाचांचंही पोट भरत नाही. हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, आणि ओढून नेलेली गाडी दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या मुलाच्या दारात उभी राहते. स्वयंरोजगाराच्या यशोगाथा छापणाऱ्यांनी ही दुसरी बाजू फारशी छापलेली नाही. आणि बैलाला हप्ता नसतो, हे जुन्या माणसांचं म्हणणं एवढ्यापुरतं तरी बरोबर होतं.

महिंद्राची मॅक्सिमो आणि जीतो, अशोक लेलँडची दोस्त, अशा गाड्या नंतर आल्या. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ च्या नियमांनी लहान डिझेल इंजिनं महाग केली, तेव्हा पेट्रोलवरची एस शर्यतीत आली. त्याच साली टाळेबंदीत एसटीच्या बस उभ्या राहिल्या आणि महामंडळाने मालवाहतूक सुरू केली. पूर्वी टपावरून माल नेणारी एसटी आता सीट काढून माल नेऊ लागली. २०२२ मध्ये विजेवरची एस आली. ती वाशीमच्या घाटात आणि खेड्यांतल्या भारनियमनात कशी टिकते, हे येत्या काही हंगामांत कळेल.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून त्यावर चढता येतं. दुचाकीला आणि तीनचाकीला तिथे बंदी आहे, म्हणजे ॲपेने खालूनच जायचं. कंटेनर वरून ताशी ऐंशीने जातात. त्यांच्यातून येणारी ऑनलाइन खरेदीची खोकी तालुक्याच्या गावी उतरतात आणि तिथून लहान गाड्यांतून पुढे निघतात. या कामात कट्ट्यावर भाडं नसतं, खोक्यावर असतं. माल कुठून आला आणि कुणी मागवला याच्याशी चालकाचा संबंध फोनवरच्या ओटीपीपुरता. परतीचं भाडं तर नाहीच.

शकुंतला आता धावत नाही. वाशीमची मीटरगेज २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली आणि मालगाड्या लांबचा माल घेऊन जातात. या दोन्ही रेल्वेंच्या नोंदी आहेत, नकाशे आहेत, छायाचित्रं आहेत. मेटॅडोर आणि पहिल्या छोट्या हत्तींच्या नोंदी मात्र चालक-मालकांच्या घरांत पडून आहेत. एमएच-३० चं जुनं आरसी बुक, धरमकाट्याच्या पावत्या, हुंडेकऱ्याची बिल्टी, हप्त्याचं पुस्तक, भाड्याच्या हिशोबाची वही. जिल्ह्याच्या मालवाहतुकीचा खरा इतिहास लिहायचा तर तो याच कागदांवरून लिहावा लागेल. तुमच्या घरी असे कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. एखाद्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या.